पोर्लॉकच्या उतारावर थांबलेल्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

तुम्ही नाव न सांगताच निघून गेलात, म्हणून हे उघड पत्र. आणि मराठीत, कारण लंडन-बर्मिंगहॅमकडची आपली मंडळी भाड्याची गाडी घेऊन इंग्लंडच्या नैऋत्येचा एक्समूर हा डोंगराळ माळरानाचा भाग बघायला येतात आणि तुमच्याच रस्त्याने उतरतात.

किनाऱ्यावरच्या लिनमथ गावाहून काउंटिसबरीचा चढ संपला की मूरवरचा, म्हणजे उंच माळरानावरचा, मोकळा रस्ता लागतो. डावीकडे ब्रिस्टल चॅनलचा समुद्र, ऑगस्टमध्ये दोन्ही अंगांना हेदरची जांभळी झुडपं. मग तोच ए३९ रस्ता पोर्लॉक गावाकडे कोसळतो: दोन मैलांच्या आत सुमारे ४०० मीटर, खालच्या टप्प्यात चारास एक (चार मीटर पुढे, एक मीटर खाली) उतार आणि त्यातच हेअरपिन वळणं. गाडी देणाऱ्या काउंटरवर विम्याचे प्रकार पुन्हा पुन्हा समजावले गेले. ऑटोमॅटिक गाडी अशा उतारावर नुसती 'डी'वर (ड्राइव्हवर) सोडायची नसते, एवढं एक वाक्य मात्र कोणी बोललं नाही. याचा राग अजून गेलेला नाही.

पाय सतत ब्रेकवर राहिला की डिस्क आणि पॅड तापतात, जळका वास येतो, पकड सुटू लागते. ब्रेक ऑइल जुनं असेल तर त्यात मुरलेल्या पाण्याची वाफ होते आणि पेडल स्पंजासारखं आत जातं. मागच्या सीटवर म्हातारी माणसं असताना ते काय असतं, तुम्हाला सांगायला नको.

आमचे ब्रेक असेच तापले आणि आम्ही उतारावर थांबलो होतो, तेव्हा तुम्ही मेंढ्यांचा ट्रेलर घेऊन मागून आलात. आमच्या मागे, वळणाच्या वरच्या अंगाला पिकअप लावलात, म्हणजे उतरणाऱ्यांना आधी तुमचे दिवे दिसावेत. आणि इंजिन बंद केलंत.

ते इंजिन बंद करणं मी विसरणार नाही. चालू इंजिनचा माणूस मदत करतानाही निघायच्या बेतात असतो. तुम्ही किल्ली फिरवलीत आणि गाडीतल्या सगळ्यांना कळलं, की हा माणूस आता इथेच आहे. मग चारही चाकांजवळ पालथा हात नेऊन, न टेकवता, ऊब पाहिलीत. पाणी ओतू दिलं नाहीत, कारण लालभडक डिस्क त्याने वाकते किंवा तडकते. निवेपर्यंत थांबलात आणि पुढे राहून पहिल्या गिअरच्या चालीने आम्हाला गावात उतरवलंत.

तुम्ही सांगितलेलं इथे लिहून ठेवते, पुढच्यांसाठी. उतार सुरू होण्याआधीच मॅन्युअल मोडवर जाऊन पहिला-दुसरा गिअर धरायचा. ब्रेक दाबायचा तर ठामपणे, थोडा वेळ, आणि सोडायचा. ज्या गिअरने चढायचं त्याच गिअरने उतरायचं, हे आपले घाटातले ड्रायव्हरही सांगतात. धास्ती वाटत असेल तर जंगलातून जाणारा टोल रोड घ्यावा. लांबचा आहे, पण उतार सौम्य. वर येणाऱ्याला वाट द्यावी. मूरवर कुंपण नसतं, मेंढ्या आणि एक्समूर पोनी (तिथली ठेंगणी घोडी) रस्त्यातच उभ्या असतात, म्हणून अंधाराआधी खाली यावं.

तुमच्या भागाला हे नवं नाही, हे नंतर वाचलं. जानेवारी १८९९मध्ये वादळामुळे लिनमथहून लाइफबोट (बुडत्यांना वाचवायची बोट) समुद्रात घालता येईना, तेव्हा माणसांनी आणि घोड्यांनी 'लुईसा' बोट रातोरात डोंगरावरून ओढत पोर्लॉकला नेली. याच उतारावर ती दोरांनी मागे खेचून धरत उतरवली, आड येणारी भिंत पाडली, आणि 'फॉरेस्ट हॉल' जहाजावरची सगळी माणसं वाचली. ज्यांच्यासाठी हे केलं, त्यांतलं कोणी ओळखीचं नव्हतं. तुमच्याही आम्ही कोण लागत होतो?

त्या दिवशी तुमच्या मेंढ्या उशिरा पोचल्या असतील आणि घरी कोणीतरी वाट पाहत असेल. त्यांचेही मनापासून आभार.