आबांच्या हाताची वही

कोल्हापूर

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला 'लॅन्सेट' या डॉक्टरांच्या नियतकालिकातला २०२१चा लेख, अर्धांगानं लुळा पडलेला हात सुधारण्याच्या उपचारावरचा, डिक्शनरी घेऊन तीनदा वाचला. छातीत कातडीखाली यंत्र, तिथून मानेतल्या डाव्या व्हेगस नसेपर्यंत, म्हणजे मेंदूला जोडलेल्या मज्जातंतूपर्यंत, तार. पेशंट हात हलवतो, त्याच वेळी फिजिओथेरपिस्टनं बटण दाबायचं. वीज अर्धाच सेकंद. हे मला लगेच उमगलं. तालमीत वस्ताद असंच करायचे. डाव बसला की त्याच क्षणी पाठीवर थाप. थापेला उशीर झाला तर पोराला कळायचं नाही, नेमकं काय जमलं ते.

पण मी अडकलो पुढच्या आकड्यांवर. त्या १०८ जणांना अर्धांगाचा झटका येऊन निदान ९ महिने झाले होते, काहींना कैक वर्षं. वीज मिळालेल्यांपैकी ४७ टक्के लोकांच्या हातात चांगला फरक पडला. आणि ज्यांना वीज नावापुरतीच दिली, व्यायाम मात्र तितकाच करून घेतला, त्यांच्यातही २४ टक्के लोकांना.

सई, आबांच्या अंगावरून वारं गेलं तेव्हा तू आठवीत होतीस. सहा महिन्यांनी आम्हाला सांगितलं गेलं, "आता आलंय तेवढंच." मी व्यायाम बंद केला. तुला सांगितलं, आबाच कंटाळले. ते खोटं होतं. आबा रोज सकाळी डाव्या हातानं उजवा हात उचलून मांडीवर ठेवायचे आणि माझी वाट बघत बसायचे. मी रंकाळ्यावर फिरायला निघून जायचो. ज्या हातानं त्यांनी मला लंगोट बांधायला शिकवलं, तो हात.

काल माळ्यावरून तुझ्या आईची वही काढली. 'चेंडू दाबणे २०, तांब्या उचलणे १५.' त्या लेखात एका बैठकीला तीनशेच्या वर. आम्हाला वीससुद्धा पुष्कळ वाटायचे.

तुमच्या या उपचाराच्या प्रयोगात जुने पेशंट घेणार का? दहा वर्षांच्या पुढचे? तेवढं विचारून कळव. गल्लीतच दोघं आहेत, त्यांच्या घरी मी अजून काही बोललो नाही. व्यायाम तरी परत सुरू करा, एवढं सांगू का?

वही पोस्टानं पाठवत नाही, गहाळ व्हायची. दिवाळीला आलीस की दाखवतो. शेवटची नोंद ११ मार्चची आहे, चेंडू २२. आदल्या दिवशी २० होते.

तुझे,
पप्पा