उकड गरम होती, सुमे

बोरिवली

प्रिय सुमे,

काकू गेल्या तेव्हा मी आले नाही. त्याला पाच महिने झाले आणि या पाच महिन्यांत मी तुला एक धड फोनसुद्धा केला नाही. तू "कशी आहेस" विचारणार, मी "बरी आहे" म्हणणार, एवढ्यासाठी काय करायचा फोन, असं वाटून रोज उद्यावर ढकलत गेले. माझ्या एमएसचं, म्हणजे त्या मल्टिपल स्क्लेरोसिसचं, एका दमात सांगते: जूनच्या एमआरआयमध्ये नवा डाग नाही, दर सहा महिन्यांनी घ्यायचं औषधाचं सलाइन झालं, नसांच्या दुखण्याची रात्रीची गोळी, प्रीगॅबालिन, वाढवली आहे. चाललंय.

आज लिहायला बसले कारण चतुर्थीला जे झालं ते मला काकूंना सांगायचं होतं. आता ते ऐकणारी तूच.

तुला माहीत आहे, काहीही झालं तरी मोदकांची उकड मी दुसऱ्या कुणाला काढू देत नाही. भाजी चिरणं सोडलं, गर्दीच्या वेळची लोकल सोडली, पण हे नाही. आंबेमोहोराची पिठी, चमचाभर तूप, झाकण ठेवून दणदणीत वाफ, सगळं काकूंच्या हिशोबाने. उकड परातीत ओतली आणि उजव्या हाताने लोट्याच्या बुडाने रगडायला लागले, डाव्या हाताने गोळा सारखा आत ओढत होते. "गार झाली की तडकते गं, गरम आहे तोवर मळा," हे काकूंचं वाक्य डोक्यात चालूच असतं. उकड छान मऊ येत होती. मी खुशीत होते सुमे, खरंच. तेवढ्यात सई पाणी प्यायला आली आणि किंचाळली, "आई, हात!"

डाव्या तळहाताला आणि मधल्या दोन बोटांना लालभडक चट्टे पडले होते. अंगठ्याखाली एक फोड तर टरारून वर आला होता, बोराएवढा. आणि मला काहीही कळलं नव्हतं. काहीही म्हणजे काहीही. मोजा घालून कुणाच्या तरी गालाला हात लावावा तेवढंच त्या हाताला कळत होतं.

त्याच क्षणी डाव्या नडगीवर मिरच्या वाटून लावल्यासारखी आग होत होती. ती रोजचीच. तिथे ना भाजलेलं, ना खरचटलेलं. रात्री चादर लागू नये म्हणून पायाशी पाट उभा करून त्यावर चादर टाकते, हे तू आलीस तेव्हा पाहिलंस. तर जिथे आग नाही तिथे जळतंय आणि जिथे हात उकडीत शिजतोय तिथे सामसूम. ओट्याला टेकून उभी राहिले आणि पहिल्यांदा मला माझ्या अंगाची भीती वाटली. दुखण्याची सवय झालीय गं. पण माझं अंग मला खोटं सांगतंय याची नाही झाली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना फोनवर विचारलं, दोन्ही एकाच वेळी कसं? ते म्हणाले, मूळ एकच. नसेवरचं वेष्टण, मायलिन, गेलं की कुठे निरोप वाटेतच विरतो, आणि कुठे उघडी पडलेली नस कुणी न विचारता स्वतःच बोलायला लागते. शिवाय तुम्ही वाफेत उभ्या होतात, अंग थोडं तापलं तरी अशा नसांमधून निरोप आणखी अडखळतो. सईने मग शोधून काढलं, हे पहिल्यांदा उटहोफ नावाच्या जर्मन डोळ्यांच्या डॉक्टरने 1890 मध्ये लिहून ठेवलं. आणि एमआरआय नव्हता तेव्हा पेशंटला गरम पाण्याच्या टबात बसवून लक्षणं वाढतात का ते बघायचे. आपल्या घरातलं भाद्रपदातलं स्वयंपाकघर म्हणजे तोच टब.

पण माझी खरी काळजी वेगळीच आहे. त्या दिवसापासून सई मला गॅसजवळ उभी राहू देत नाही. लायटर तिच्या खोलीत. चहा हे करतात. आंघोळीचं पाणी बादलीत काढल्यावर सई आधी हात घालून बघते. मी म्हटलं, अगं माझा उजवा कोपर शाबूत आहे, मी कोपराने बघते. तर म्हणाली, "तुला वाटतं शाबूत आहे." सोळा वर्षांची पोर, घाबरलीय, मला कळतं. तिला रागावताही येत नाही. पण सुमे, स्वतःच्या घरात पाहुणीसारखं खुर्चीत बसायचं आणि आयता चहा घ्यायचा, याने मला त्या फोडापेक्षा जास्त रडवलंय. रात्री पाय जळत असताना मी हेच घोळवत बसते. आज लायटर. उद्या? सुरी? रस्ता एकटीने ओलांडणं?

आणि मग मला तू आठवतेस, कान्हेरीच्या पायऱ्यांवरची. 2006 चा मे. अर्ध्यावर माझे पाय कापसाचे झाले, डोळ्यांपुढे धुकं आलं आणि तू सगळ्यांदेखत म्हणालीस, "नीले, नाटकं पुरे." आजाराचं नाव कळायला त्यानंतर दोन वर्षं लागली. तू नंतर रडलीस, माफी मागितलीस, मीही विसरले म्हटलं. पूर्ण विसरले नव्हते, आज लिहूनच टाकते. तेव्हा होतंय म्हटलं तर कुणी मानत नव्हतं. आता ठीक आहे म्हटलं तरी कुणी मानत नाही. लोकलच्या दिव्यांग डब्यातही तेच. 2016 च्या दिव्यांगांच्या कायद्यात एमएस आला, माझ्याकडे कार्ड आहे, तरी गेल्या महिन्यात एक बाई म्हणाल्या, तुम्ही तर चांगल्या दिसता. मी कार्ड काढून दाखवलं आणि बोरिवलीपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले. सगळ्यांना माझ्या चेहऱ्यावरून ठरवायचं असतं.

काकूंनी कधी ठरवलं नाही. त्या विचारायच्या, "आज कुठे?" बस, एवढंच. मी म्हणायचे, बरगड्यांभोवती पट्टा आवळलाय. त्या म्हणायच्या, बरं, मग पाठ टेकून बस आणि वेलची सोल. काम द्यायच्या गं मला.

मार्चअखेर तुझा मेसेज आला तेव्हा उकाड्याने मी अंथरुणाला खिळले होते. सांगलीपर्यंतचा प्रवास झेपला नसता हे खरं. पण फोन झेपला असता. तो मी केला नाही, कारण काकू नाहीत हे तुझ्या तोंडून ऐकायचं नव्हतं. तुला राग असेल तर धर. तुझा हक्क आहे.

नैवेद्य झाला, तेही सांगते. सईने उरलेली उकड मळली आणि हाताला पट्टी गुंडाळून कळ्या मी पाडल्या, उजव्या हाताने, डाव्या हाताकडे एकटक बघत. बोटांना पारी कळत नाही, तर डोळ्यांनी धरायची. काकूंचं शेवटी उलटं होतं ना? मोतीबिंदूने दिसत नव्हतं आणि नुसत्या चिमटीने अकरा कळ्या यायच्या. माझ्या सातच आल्या, जाड्या. एकवीस मोदक मोजून ठेवले तेव्हा पम्याची आठवण आली. एक खाऊन त्याच्या जागी पेढा ठेवलेला आणि काकूंनी आरतीच्या मध्येच, टाळ वाजवत, त्याचा कान धरलेला! मी एकटीच हसायला लागले. सईला वाटलं, गोळ्यांमुळे.

तुझं काय? प्रकाशरावांची बदली रद्द झाली का? ओंकारला इंजिनीअरिंगला कुठे मिळालं? तुझा गुडघा दाखव एकदा, टाळू नकोस. पम्याला माझ्या हाताचं सांगू नकोस, तो लगेच कुठलं तरी तेल कुरिअर करेल.

गौरी झाल्या की संकष्टीला ये, दोन दिवस तरी. उकड तू मळ, गरम किती ते तू सांग, कळ्या मी पाडते. सईसमोर करू. तिला बघू दे. आणि काकूंची पितळी परात मोडीत दिली नसशील तर येताना घेऊन ये. ती काठाला एका जागी चेपलेली आहे, तिथे डावा हात बरोबर टेकतो.

तुझी,
नीला