मिरजेच्या चाचांना, एका गुडघ्याबद्दल

आदरणीय चाचा,

सलाम. हे पत्र तुमचा नातू तुम्हाला वाचून दाखवेल, असं धरून लिहिते आहे. तंबोऱ्याच्या दुरुस्तीची पावती मी घरी येऊन दोनदा बघितली. भोपळा बसवणं, सरस, घोडी, तारा, सगळं त्यात होतं. माझ्या खेळण्यातल्या यंत्रमानवाचा तुम्ही बसवलेला गुडघा नव्हता. विचारलं तर तुम्ही हात हलवून म्हणालात, "त्याचं काय घ्यायचं?" म्हणून निदान आभार तरी चारचौघांत मानायचं ठरवलं. त्यालाही उशीरच झाला.

ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेनं ५७ फूट ओलांडले. धोक्याची पातळी ४५. गावभागातल्या आमच्या घरातून आम्ही कपडे, कागदपत्रं आणि आजीला घेऊन निघालो. बाबांचा तंबोरा कोपऱ्यात राहिला आणि माझे गंडमचे डबे, म्हणजे जपानी यंत्रमानव सुट्या भागांतून जोडायची प्लास्टिकची किट, खालच्या कपाटात राहिले. सात वर्षं एकेक करून जमवलेले. सांगलीत असली किट कुठल्या दुकानात मिळत नव्हती. कुणी पुण्याहून येताना आणायचं, कधी कुरिअरनं यायची.

पाणी उतरल्यावर कपाट उघडलं तर गाळाचा एकच थर. पुठ्ठ्याचे डबे विरघळले होते, जोडणीच्या पुस्तिकांचा लगदा झाला होता, पाण्यात सोडून चिकटवायची नक्षीची स्टिकरं गेली होती. पण चौकटींना लटकलेले सुटे भाग, ज्यांना आम्ही रनर म्हणतो, ते शाबूत होते. पॉलिस्टायरीन प्लास्टिकला पाण्यानं काही होत नाही. मी ते बादलीत धुतले, जुन्या दातघासणीनं सांदीतला गाळ काढला आणि दोरीवर चिमटे लावून वाळत घातले. शेजारी गाद्या, रजया, पोरांची दप्तरं वाळत होती. गल्लीतलं कुणीतरी म्हणालं, "लोकांचे संसार गेले आणि ही खेळणी धुतीय." मी ३१ वर्षांची होते. बोलणाऱ्याचं घर आमच्यापेक्षा जास्त बुडालं होतं, त्यामुळे उत्तर द्यायला तोंड नव्हतं. उरलेले रनर मी रात्री आत वाळवले.

तंबोरा घेऊन तुमच्याकडे आलो तेव्हा सरस सुटून भोपळा दांडीपासून वेगळा झाला होता. बाबा रडवेले झाले होते. तुम्ही त्यांना चहा दिला आणि म्हणालात, "उन्हात नाही ठेवला ना? मग होईल." माझ्या पिशवीत ओढणीत गुंडाळलेला माझा पहिला मोठा गंडम होता. मिरजेच्या बाजारात बारीक ड्रिल मिळतं का ते बघायचं होतं. तो तुम्हाला दाखवायचा माझा विचार नव्हता, चाचा. पिशवीतून पाय बाहेर आला आणि तुम्हीच म्हणालात, "काय आहे ते? काढ बघू."

तुम्ही चष्मा कपाळावरून खाली घेतलात. तो सगळ्या बाजूंनी फिरवलात. "गुडघ्याची खुंटी मोडलीय. आणि कुणीतरी घाईचा गोंद घातलाय." गोंदाची पांढरट झाक मी पुसली होती, तरी तुम्हाला दिसली. मी वयाबद्दल किंवा खेळण्याबद्दल काहीतरी ऐकायच्या तयारीत होते. तुम्ही विचारलंत, "आत सांगाडा वेगळा आहे का?"

हो, आहे. मग मी बोलतच सुटले. १९७९ सालची जपानी कार्टून मालिका, प्रेक्षक कमी म्हणून ठरल्याआधीच गुंडाळलेली. १९८० मध्ये बंदाई कंपनीनं त्यातल्या यंत्रमानवांची किट काढली, पहिलं ३०० येनचं, आणि पोरांनी ती जोडत जोडत त्या गोष्टीला पुन्हा उभं केलं. कथेतला हा १८ मीटर उंच, माझ्याकडचा त्याचा शंभरावा भाग, म्हणजे १८ सेंटिमीटर. तुम्ही मधेच थांबवून बाबांना सांगितलंत, "मास्तर, बघा, हिनं हिशेब पाठ केलाय." बाबांनी त्या दिवशी पहिल्यांदा माझा गंडम हातात घेतला.

खुंटीचा अडकलेला तुकडा तुम्ही सुईनं काढलात. दोन्ही तोंडं कानशीनं सपाट केलीत, मधोमध सुईनं टिंब दिलंत आणि हातानं फिरवायच्या बारीक गिरमिटानं भोक पाडलंत. मशीन नको, प्लास्टिक तापून वितळतं, हे मला सांगायची गरजच पडली नाही. तुमच्याकडे तंबोऱ्याच्या नक्षीला सेल्युलॉइड, म्हणजे एक जुनं प्लास्टिकच, असतं, हे तेव्हा लक्षात आलं. मग पाटावरच्या डब्यातून तुम्ही खर्जाच्या पितळी तारेचा एक तुकडा उचललात, भोकात घालून बघितलात आणि म्हणालात, "मंगळवारी ये."

मंगळवारी गुडघा वाकत होता, पण घट्ट. तेव्हा तुम्ही मला समोर बसवलंत. घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, जवारी, म्हणजे तारेला गुंजवणारा उतार, कशी काढतात ते दाखवलंत: एक हात कानशीचा, मग तार छेडायची, ऐकायचं, मग पुन्हा अर्धा हात. जास्त गेलं की परत आणता येत नाही. मग पॉलिश पेपरचा तुकडा माझ्या हातात दिलात. "आता तू. प्रत्येक वेळी वाकवून बघ." मी दोनदा घासून पुढचा हात मारणार, तेवढ्यात तुम्ही माझं मनगट धरलंत. गुडघा वाकवला तर तो जिथे सोडला तिथे थांबला.

तोवर मी रनरवरून भाग काढताना निपर, म्हणजे कापायची बारीक पक्कड, एकदम मुळाशी लावायचे. प्लास्टिकवर पांढरे डाग पडायचे आणि ते झाकण्यात माझा वेळ जायचा. आता आधी लांबून कापते, मग उरलेलं जवळून, मग ४०० नंबरचा पेपर, ८००, १०००, आणि दर वेळी थांबून नखानं बघते. ही पद्धत इंटरनेटवर शंभर जणांनी सांगितलेली आहे. मी ती वाचलीही होती. माझ्या बोटांत ती तुम्ही मनगट धरल्यावर आली.

तुमच्या गल्लीबद्दल नंतर वाचलं. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांनी सतारी घडवायला घेतल्या आणि आज मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन आहे. त्या हातांनी माझ्या गंडमचा गुडघा बसवला, हे मी भेटेल त्याला सांगते. आमच्या गल्लीतल्या त्या आवाजालाही सांगितलं. त्यांची मुलगी आता दर शनिवारी माझ्याकडे रनर कापायला येते.

तंबोरा उत्तम लागतो. बाबा पहाटे पाचला खर्ज छेडतात. त्याच खोलीत फळीवर गंडम उभा आहे, एक गुडघा जरा वाकवून, आणि त्या गुडघ्यात त्याच खर्जाची तार आहे. बाबा आता त्याच्यावरची धूळ स्वतः पुसतात, तंबोऱ्याच्याच फडक्यानं.

येत्या रविवारी मिरजेला येते आहे. तुमच्या नातवानं फोनवर दोनदा विचारलंय, म्हणून त्याच्यासाठी एक लहान किट घेतलंय, १/१४४ मापाचं, गोंद न लागणारं. त्याला निपर मी देईन. घासायला मात्र तुम्ही बसवा, चाचा.

तुमची,
गावभागातल्या तंबोरेवाल्या मास्तरांची मुलगी