वाघीण खरवडू नका, छपराला हातभार लावा

मालगाडीच्या डब्याला मराठीत वाघीण म्हणतात, हे सांगितलं की शाळेतली मुलं अजून हसतात. ‘वॅगन’ची वाघीण कुणी केली कुणास ठाऊक, पण आमच्याकडे हमाल, आडते सगळे तेच म्हणत. अशीच एक बंद वाघीण कित्येक वर्षं एका शेतात कडबा सांभाळत उभी होती. चाकं गेलेली, दार निखळलेलं. शेतमालकांनी ती आमच्या सार्वजनिक वाचनालयाला एक पैसाही न घेता दिली. हे आवाहन तिच्यासाठी.

ती बार्शी लाइट रेल्वेची (बीएलआर). इंग्रज अभियंते एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी ही अडीच फूट रुंद रुळांची लाईन सुरू केली, तेव्हा मालडब्यांसाठी दाबून घडवलेल्या पोलादी चौकटी लीड्सहून आणल्या. सगळे मालडबे २५ फुटी, आणि एका आसावर पाच टनांहून जास्त भार नाही. पुढे लाईन पंढरपूरला पोचली. आषाढीला याच वाघिणींतून वारकरी दाटीवाटीनं गेल्याचं जुनी माणसं सांगतात.

आता मुद्दा रंगाचा. त्या काळी पोलादावर आधी शेंदराचं, म्हणजे शिशाच्या लाल भुकटीचं अस्तर देत. वर जवसाच्या तेलात घोटलेला रंग, मालडब्यांना बहुधा हिरमुजी, म्हणजे गेरूसारखा तांबडा. स्वस्त आणि उन्हाला न विटणारा. अक्षरं सफेद्याची. सफेदाही शिशाचाच, त्यामुळे कोळशाच्या धुरातल्या गंधकानं तो काळवंडतो. जुने फोटो इथे फारसे कामाचे नाहीत. त्या वेळी फोटो ज्यांवर घेत त्या काचा लाल रंगाला जवळजवळ आंधळ्या, म्हणून तांबडी वाघीण फोटोत काळी दिसते. खरा रंग पत्र्यावरच शोधावा लागतो, थरांखाली थर.

गेल्या महिन्यात रात्री आम्ही टॉर्च पत्र्याला अगदी चिकटवून आडवा धरला. सफेदा केव्हाच उडालाय, पण त्यानं झाकलेला रंग शाबूत राहिला आणि भोवतालचा झिजला, त्यामुळे अक्षरं किंचित वर आलीत. आधी ‘बी’ दिसला, मग ‘एल’. ‘आर’च्या जागी भोक पाडून कुणीतरी तार ओवलीय! खाली टेअरचे, म्हणजे रिकाम्या डब्याच्या वजनाचे आकडे आहेत, टन आणि हंड्रेडवेटमध्ये (टनाचा विसावा भाग). भरलेल्या डब्याच्या वजनातून हा आकडा वजा केला की माल किती ते कळे. तो पुसट झाला, की व्यापारी आणि मालबाबू यांची जुंपलीच.

आमची चूकही सांगतो. डबा आला त्याच दिवशी एका उत्साही कार्यकर्त्यानं रॉकेल आणि तारेचा ब्रश घेऊन एक बाजू लख्ख केली. ती बाजू कायमची मुकी झाली. शिवाय शिशाची धूळ नाकातोंडात गेली ती वेगळीच. तेव्हापासून ब्रशला बंदी आहे.

मदत तीन प्रकारे हवी आहे. सर्वांत निकडीचं छप्पर: उघड्यावर आणखी एक पावसाळा काढला तर उरलेली अक्षरंही गंजात जातील. ३० फुटी शेडला २० पत्रे लागतात, ७ जमलेत. एका पत्र्याची किंमत दिलीत तरी चालेल, पत्राच आणून दिलात तर उत्तम. पावती जागेवर मिळेल. दुसरं, रंगाच्या खपल्यांचे थर सूक्ष्मदर्शकाखाली तपासायचे आहेत. कॉलेजातल्या रसायनशास्त्राच्या शिक्षकांनी आठवड्यातली एक दुपार द्यावी. आणि तिसरं, ज्यांच्या घरातलं कुणी कुर्डुवाडीच्या वर्कशॉपमध्ये पेंटर होतं, त्यांनी माळा एकदा बघावा. अक्षरांचे पत्र्याचे साचे, नंबरपाट्या, दोरी मारायची खडूची पुडी, काहीही चालेल. वस्तू द्यायची नसेल तर फोटो काढून परत करू.

वाचनालयात रोज संध्याकाळी ६ ते ८ या वेळेत कुणीतरी असतंच. पाटी सापडली तर कृपा करून धुऊ नका, पुसूही नका. जुन्या धोतरात गुंडाळा आणि आहे तशी घेऊन या.