फ्रिज उघडताना चपला

ग्लासगो,
१२ जुलै

ती. बाबा आणि आईस,
सा. न.

मागच्या दोन खोल्या गणपती झाल्यावर नर्सबाईंना द्यायचं ठरलं हे ऐकून बरं वाटलं. पण आई जाता जाता म्हणाली, "फ्रीज जुनो आसा, पण चलता," आणि मला रात्री झोप लागेना.

बाबा, तुम्ही त्या फ्रिजवर पुठ्ठा लावला होतात, आठवतंय? "उघडताना चपला घाला." आधीचे भाडेकरू मास्तर तो वाचून हसायचे, आणि चपला घालायचे. पावसात न्हाणीघरातून ओल्या पायांनी येऊन मी हँडल धरलं की कोपरापर्यंत झिणझिण्या यायच्या. "पावसाचं थोडं करंट येतंच," असं तुम्ही म्हणायचात आणि मला ते पटायचंही.

गेल्या आठवड्यात इथे घरमालकाने माणूस पाठवला. स्कॉटलंडमध्ये भाड्याने घर देणाऱ्याला वायरिंगची आणि घरासोबत दिलेल्या विजेच्या वस्तूंची तपासणी निदान पाच वर्षांतून एकदा करावीच लागते. इंग्लंडमध्ये वायरिंगची तशी सक्ती २०२० च्या नियमांनी आली, वस्तूंच्या चाचणीची नाही. त्या माणसाने आधी नुसतं डोळ्यांनी पाहिलं. केटलची वायर प्लगपाशी तडकली होती, तिला तिथेच लाल चिठ्ठी. इथे प्लगच्या आतच फ्यूज असतो. टेबललँपच्या प्लगमध्ये ३ ऐवजी १३ अँपिअरचा निघाला, तो त्याने बदलला. मग मशीन लावून फ्रिजच्या पत्र्यापासून प्लगच्या अर्थिंगच्या पिनपर्यंत वाट सलग आहे का ते पाहिलं, आणि ५०० व्होल्ट देऊन आतून काही झिरपतंय का तेही. माझा तिकडून आणलेला मिक्सर पुढे केला तर म्हणाला, तो तुमचा, मालकाचा नाही! हात लावला नाही त्याला.

तो पत्रा तपासत असताना आपला पुठ्ठा डोळ्यांसमोर आला. आपल्या फ्रिजच्या प्लगची जाड पिन तुटली होती, आणि आपण दोनच पिनांवर तो चालवला. ती पिन मुद्दाम लांब असते, आधी अर्थिंग जोडलं जावं म्हणून. ती नसली की पत्र्यावर उतरलेल्या विजेला जमिनीत जायला माणसाचा हात एवढीच वाट उरते. एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) असताना काय होणार, असं म्हणू नका. तो १६ अँपिअरचा आहे, आणि माणसाला मारायला त्याचा शंभरावा हिस्साही पुरतो.

लायसनवाल्या वायरमनला बोलवा. त्याला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवायला सांगा. गेलेला करंट आणि परत आलेला करंट यांत तेवढा फरक पडला की ती लाइन तोडते. तिच्यावर टेस्टचं बटण असतं, ते अधूनमधून दाबून बघायचं. विहिरीमागचा अर्थिंगचा खड्डाही उघडायला लावा. आपला जांभा पाणी धरत नाही, मे महिन्यात तो खड्डा ठणठणीत कोरडा असतो, आणि तार तर खाऱ्या हवेने कधीच हिरवी पडली असेल. कोळसा-मीठ नव्याने भरून घ्या आणि उन्हाळ्यात त्यात बादलीभर पाणी ओतत जा. अख्ख्या वायरिंगला मेगर मारून घ्या, म्हणजे वायरच्या आवरणातून वीज झिरपते का ते त्या मशीनने मोजून घ्या; चुना लावलेल्या भिंतीत काय मुरलंय ते वरून दिसत नाही.

न्हाणीतला रॉड मात्र नर्सबाईंना देऊ नका. लोखंडी बादलीत रॉड टाकून पाणी तापलं का ते हाताने बघणारी माणसं आपल्याच घरात आहेत (आई, तुझ्याबद्दल बोलतेय). आयएसआय मार्कचा गीझर घ्या, पैसे मी पाठवते. वायरमनची मजुरीही मीच देईन. बाबा, "एवढ्यासाठी कशाला" म्हणून पुन्हा शेजारच्या पोराकडून टेप गुंडाळून घेऊ नका.

फ्रिजचं काय करायचं ते वायरमनने पत्रा तपासल्यावर ठरवा. तो म्हणाला टाका, तर टाका. भाड्यात शंभर रुपये कमी आले तरी चालतील. तोवर पुठ्ठा काढू नका, आणि प्लगही लावू नका.

मेगरचा आकडा किती आला ते फोनवर कळवा. आईला गुडघ्याचं तेल मिळालं का?

तुमची,
सुमा