नियम आधी सांगा, आणि पोरांचं ऐकून तरी घ्या

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी एसटीत 31 वर्षं कंडक्टर होतो, रिटायर होऊन तीन वर्षं झाली, गाव पुसेगाव. माझी धाकटी मुलगी साताऱ्याला एका कॉलेजात एसवाय बीएस्सीला आहे. कॉलेजचं नाव लिहीत नाही कारण तिला अजून दीड वर्ष तिथंच काढायचंय, आणि तिथले बरेच प्राध्यापक खरोखर जीव तोडून शिकवतात हे मला माहितेय. पण गेल्या महिन्यात जे झालं ते मनातनं जात नाही म्हणून हे लिहितोय.

त्या दिवशी सकाळी आठला तिची इंटर्नल परीक्षा होती. नेहमीच्या गाडीनं निघाली, वर्धनगडच्या घाटात एक ट्रक वळणावर बंद पडलेला, दोन्ही बाजूच्या गाड्या अडकल्या. ती कॉलेजात पोचली आठ पंचवीसला. सरांनी आत घेतलं नाही, ते एक वेळ ठीक, वेळेचा नियम असंल. पण सर सगळ्या वर्गासमोर म्हणाले की तुम्हा बाहेरगावच्यांना शिस्तच नाही, आणि हिच्या तोंडातनं निघून गेलं की "बस मी चालवते का सर?" आवाज चढला होता हे तिनं स्वतः मला सांगितलं. तेवढ्यावर आय-कार्ड काढून घेतलं, अर्ध्या तासात ऑफिसमधनं सांगितलं की गैरवर्तनाबद्दल आठवडाभर लेक्चरला बसायचं नाही, आणि दुपारपर्यंत तिचं नाव वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर. मला कळलं ते तिच्याकडनं नाही, कोरेगावच्या पाहुण्यांचा फोन आला तेव्हा.

मास्तरांसमोर आवाज चढवणं चूकच. दुसऱ्या दिवशी मी तिला सोबत घेऊन गेलो, तिनं सरांची माफी मागितली, सरांनीही मान हलवली. मग मी ऑफिसात एवढंच विचारलं की साहेब, कोणत्या नियमाखाली आठवडा दिला, तो नियम मला दाखवा. आधी म्हणाले प्रॉस्पेक्टसमध्ये आहे. प्रॉस्पेक्टस मागितलं तर शोधाशोध झाली, मिळालं, ते इंग्रजीत. एका पानावर बारीक अक्षरात 20-22 कलमं, त्यातलं एक म्हणे विद्यार्थ्याला न शोभणारं वर्तन. न शोभणारं म्हणजे काय, त्याला शिक्षा किती दिवसांची, ती कोण देणार, हे काहीच नाही. आणि खाली आमच्या दोघांच्या सह्या! अॅडमिशनच्या दिवशी नेट कॅफेत त्या पोरानं पटापट प्रिंट काढून दिलेल्या सहा-सात कागदांवर सह्या केलेल्या, त्यातलाच तो एक. मी वाचला नाही ही माझीही चूक, पण त्या दिवशी रांगेत उभ्या असलेल्या शे-दीडशे पालकांपैकी कुणी वाचला असंल असं मला वाटत नाही.

इथं मला माझी स्वतःची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. नोकरीत असताना एकदा लाईन चेकिंगला माझी गाडी थांबवली आणि कॅशमध्ये 47 रुपये जास्त निघाले. कंडक्टरकडं पैसे जास्त निघाले की सरळ संशय येतो, कुणाकडनं तरी पैसे घेतले आणि तिकीट दिलं नाही. माझा रिपोर्ट झाला. त्या रात्री जेवलो नाही. पण पुढं काय झालं बघा, मला लेखी आरोपपत्र मिळालं, मराठीत, काय ठपका आणि कोणत्या कलमाखाली ते स्पष्ट लिहिलेलं. खुलासा द्यायला मुदत मिळाली. चौकशीला बसलो तेव्हा बाजू मांडायला एक सहकारी सोबत घेता आला, ज्यांनी तपासणी केली त्यांना प्रश्न विचारता आले. सुट्टे नव्हते म्हणून एका बाईंच्या तिकिटामागं मी परत द्यायचे 47 लिहून दिलेले, त्या रोजच्या प्रवासी, त्यांनी ते तिकीट जपून ठेवलेलं आणि त्या स्वतः येऊन सांगून गेल्या. माझ्यावरचा ठपका निघून गेला. मला जर कुणी विचारलंच नसतं तर मी आयुष्यभर 47 रुपयांचा चोर म्हणून राहिलो असतो. 47 रुपयांसाठी कंडक्टरला एवढी संधी मिळते आणि कॉलेजातल्या एकोणीस वर्षाच्या पोरीला तोंड उघडायला पाच मिनिटं मिळत नाहीत, हे मला पटत नाही.

कुणी म्हणेल आता मुलीचा बाप म्हणून बोलतोय, पोरं किती बिघडलीत ते बघा. बघितलंय की. इतकी वर्षं ह्याच पोरांना पास बघून गाडीत घेतलंय मी. सातारा स्टँडवर सायलेन्सर काढलेल्या गाड्यांवर ट्रिपल सीट फिरणारी, कॉलेजच्या गेटबाहेर उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्या मुलींवर शेरे मारणारी, गाडीच्या सीटा ब्लेडनं फाडणारी, सगळी बघितलीत. अशांना सोडू नका. रॅगिंगवाल्यांना तर अजिबात नको. महाराष्ट्रात 1999 पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद, 10 हजारांपर्यंत दंड, आणि दोषी ठरला की कॉलेजातनं काढून टाकून पाच वर्षं दुसरीकडं कुठंच प्रवेश नाही. एवढा कडक कायदा, पण त्यातसुद्धा काय लिहिलंय? तक्रार आली की कॉलेजच्या प्रमुखानं सात दिवसांत चौकशी करायची, आणि प्रथमदर्शनी तथ्य दिसलं तरच निलंबन. आणि प्रमुखानं दुर्लक्ष केलं तर त्यानंही गुन्ह्याला साथ दिली असं धरायचं. म्हणजे रॅगिंगसारख्या भयंकर गोष्टीत पण आधी चौकशी आहे, आणि "बस मी चालवते का" ह्याला अर्ध्या तासात आठवडा.

माझ्या थोरल्या मुलानं मोबाईलवर यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, 2023 चे विद्यार्थी तक्रार निवारणाचे नियम काढून दिले, इंग्रजीतच होते, आम्ही दोघांनी दोन रात्री बसून अर्थ लावला. त्यात असं आहे की प्रत्येक कॉलेजनं प्रवेश सुरू होण्याच्या किमान 60 दिवस आधी माहितीपत्रक काढायचं, आणि त्यात बाकी गोष्टींबरोबर कॉलेजच्या आतल्या-बाहेरच्या शिस्तीच्या सूचनाही द्यायच्या. प्रत्येक ठिकाणी विद्यार्थ्यांची तक्रार निवारण समिती पाहिजे, त्यात किमान एक महिला, किमान एक अनुसूचित जाती, जमाती किंवा ओबीसीतला सदस्य, आणि एका विद्यार्थ्यालाही खास निमंत्रित म्हणून बसवायचं. समितीनं 15 कामाच्या दिवसांत अहवाल द्यायचा. तो पटला नाही तर 15 दिवसांत विद्यापीठानं नेमलेल्या लोकपालाकडं अपील करता येतं आणि लोकपालानं 30 दिवसांत निकाल लावायचा. हे सगळं कागदावर छान आहे. पण माझ्या मुलीला विचारलं, तुमच्या समितीत कोण आहे? तिला माहीत नाही. तिच्या मैत्रिणींना विचारलं, त्यांनाही नाही. एकीला तर वाटायचं लोकपाल म्हणजे दिल्लीतला तो, अण्णा हजारेंच्या आंदोलनातला.

हजेरीचंही तसंच आहे, 75 टक्के पाहिजे हे सगळ्यांना माहितेय आणि ते बरोबरच आहे, वर्गात न बसता डिग्री कशी मिळंल. पण खटाव-माणमधनं येणाऱ्या पोरांचा दिवस कुणी बघितलाय का, पहाटे पाचला उठायचं, सव्वा सहाच्या गाडीत उभं राहून यायचं, सेवागिरी महाराजांची यात्रा असली की आमच्या पुसेगावातनं गाडी बाहेर पडायलाच अर्धा तास जातो. पहिलं लेक्चर अर्धं बुडलं की गैरहजेरी. रस्त्यात अडचण आली तर डेपोतनं गाडी उशिरा आल्याचा दाखला आणून दिला तर चालंल का, एवढं जरी लिहून ठेवलं तरी निम्म्या पोरांचा प्रश्न सुटंल. आम्ही नोकरीत असताना उशीर झाला की कंट्रोलरकडं कारण नोंदवायचो, त्यात कुणाला कमीपणा वाटला नाही.

साताऱ्यात राहून शिस्तीवर बोलायचं आणि कर्मवीर अण्णांचं, म्हणजे भाऊराव पाटलांचं, नाव घ्यायचं नाही असं होत नाही. त्यांची रयत शिक्षण संस्था 1919 ला कराडजवळच्या काल्याला सुरू झाली, 1924 ला साताऱ्याला आली, आणि इथल्या बोर्डिंगात सगळ्या जातीची पोरं एका पंगतीत जेवायची, स्वतः स्वयंपाक करायची, खोरं-टिकाव घेऊन काम करून शिकायची. 1927 ला गांधीजी येऊन गेले त्या बोर्डिंगला. तिथं शिस्त कडक होती, आमच्या गावातले जुने लोक तिथं शिकलेले, ते अजून पहाटे चारला उठतात. पण हेच अण्णा स्वतः विद्यार्थी असताना कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगातनं बाहेर काढले गेले होते, कारण काय तर अस्पृश्य मुलांच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या उद्घाटनाला जाऊन आल्यावर त्यांनी अंघोळ करायला नकार दिला. बोर्डिंगच्या नियमाप्रमाणे तो पोरगा बेशिस्तच होता. मला वाटतं ज्या माणसानं हे सोसलं त्यालाच कळलं असंल की पोराला घराबाहेर काढणं म्हणजे काय असतं, म्हणून त्यानं आयुष्यभर पोरांना आत घ्यायचं काम केलं. हे शिक्षेच्या कागदावर सही करणाऱ्या प्रत्येकानं एकदा आठवावं अशी माझी कळकळीची विनंती आहे.

माझं मागणं फार मोठं नाही. शिवाजी विद्यापीठ 1962 ला निघालं ते आमच्यासारख्यांच्या पोरांसाठी, घरातली पहिलीच पिढी कॉलेजात जाणाऱ्यांसाठी. विद्यापीठानं सातारा, सांगली, कोल्हापूरच्या सगळ्या कॉलेजांसाठी नियमांची एक छोटी पुस्तिका साध्या मराठीत काढावी, कोणत्या चुकीला कोणती शिक्षा, ती कोण देणार, कुणाकडं दाद मागायची, आणि पहिल्या आठवड्यात प्रत्येक वर्गात ती मोठ्यानं वाचून दाखवावी. शिक्षा करायच्या आधी पोराला लेखी विचारावं, त्याचा खुलासा घ्यावा, घरी कळवावं, आणि जी शिक्षा करायची ती कारणासकट कागदावर द्यावी. आणि कृपा करून पोरांची नावं व्हॉट्सअॅपवर टाकू नका. आमच्यासारख्या गावात पोरीचं नाव असं फिरलं की लोक कारण विचारत नाहीत, काय झालं असंल ते स्वतःच ठरवतात. माझ्या बायकोला दळपाच्या गिरणीत दोघींनी विचारलं, पोरीनं काय केलं हो? आठवडा संपला तरी ते संपलं नाही.

मी कॉलेजच्या तक्रार निवारण समितीच्या नावानं अर्ज दिलाय, आवक नंबर टाकून पोच घेतलीय. शिक्षा तर भोगून झाली, ती माघारी येणार नाही, पण तो ग्रुपवरचा मेसेज काढावा आणि तिची बाजू रेकॉर्डवर यावी एवढंच त्यात मागितलंय. कामाचे 15 दिवस मी मोजतोय. मुलगी परत कॉलेजला जाती, आता पावणेसहाच्या गाडीनं, म्हणजे सव्वासातलाच पोचून गेट उघडायची वाट बघत बसती. पहिल्या बाकावर बसायची ती, आता मागं बसायला लागलीय असं तिच्या मैत्रिणीनं मला सांगितलं.

आपला,
एक निवृत्त एसटी वाहक
पुसेगाव, ता. खटाव, जि. सातारा