धारवाडच्या भाजीवाल्या अव्वांना

अव्वा,

नमस्कार. पत्र मराठीत लिहितेय, कारण मनातलं सगळं मला अजून याच भाषेत नीट सांगता येतं. तुमच्या शेजारच्या कापडदुकानातले काका मराठी बोलतात, ते वाचून दाखवतील.

बदलीची ऑर्डर आलीय. काल सामान बांधताना कन्नडच्या क्लासची वही सापडली आणि मी तिथेच खाली बसले. पहिल्याच पानावर विभक्तींचा तक्ता, पंचमीपुढे 'देसेयिंद' तीन-तीनदा गिरवलेलं. तीन वर्षं झाली मला इथे. तुमच्या, गिऱ्हाइकांच्या, बँकेत येणाऱ्या माणसांच्या तोंडून हा 'देसेयिंद' मी एकदाही ऐकला नाही. आणि त्याच्यासाठी मी रात्री जागले होते.

त्या क्लासमध्ये मला बजावलं होतं, विभक्त्या पाठ झाल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, चुकीची सवय लागते. मी ते खरं मानलं. पहिले चार महिने काउंटरवर मुकी बसले. खेड्यातून एसटीचे धक्के खात आलेल्या म्हाताऱ्या माणसांना पासबुकावर बोट ठेवून खुणा करायचे. माझ्याकडे शब्द होते, अव्वा. धीर काढून घेतला होता. त्याचा राग अजून गेलेला नाही.

मग ती संध्याकाळ. तुम्ही उरलेली भाजी बांधून स्टॉपवर उभ्या होतात, मी शेजारी. बस वळणावर दिसली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "बस बंदळु!" मराठीत बस 'येते' ती बाईमाणसासारखी, म्हणून मी कन्नडमध्येही तिला बाई करून टाकलं. मागे कॉलेजची पोरं होती, ती खो-खो हसली. एकानं माझी नक्कलही केली. मला तर पुढची बसच नको झाली.

तुम्ही हसला नाहीत. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाहीत. रस्त्याकडे बघत, जणू मी दिलेली बातमी खरीच महत्त्वाची आहे अशा आवाजात म्हणालात, "हौदव्वा, बंतु. बस बंतु." आणि माझी खाली ठेवलेली पिशवी उचलून माझ्या हातात दिलीत.

एवढंच. त्या 'बंतु'मध्ये अख्खा धडा होता. माणूस सोडून बाकी सगळं, बस असो, पाऊस असो, मांजर असो, तुमच्या भाषेत 'ते'च असतं. वहीत हा नियम लाल शाईनं लिहिलेला होता, पण डोक्यात गेला तो त्या दिवशी. मी चुकले असं तुम्ही म्हणाला नाहीत. माझंच वाक्य बरोबर करून मला परत दिलंत, तेही चारचौघांत माझी मान खाली जाऊ न देता.

त्यानंतर मी रोज तुमच्याकडे येऊ लागले. भाजी निमित्ताला. "हत्तक्क एरडु" तुम्ही दिवसातून शंभरदा म्हणायचात, आणि एक दिवस लक्षात आलं की हे आपलं 'दहाला दोन'च आहे! मग कान आपोआप उघडे राहिले. घराला मनिगे, गावाला ऊरिगे, पण कामाला केलसक्क. कुठे 'गे' आणि कुठे 'क्क' हे मला आजही नियम म्हणून धड सांगता येणार नाही. चुकीचं बोलले तर कानाला खुपतं मात्र.

आणि ती शेपूची जुडी! मी मेथी समजून उचलली, तर तुम्ही म्हणालात, "मेंते अल्लव्वा, सब्बसगी." दुसऱ्या दिवशी मेथी संपलेली, तेव्हा, "मेंते इल्ल." अल्ल आणि इल्ल. नव्हे आणि नाही. आमची आजी हा फरक पाळायची, "ते नव्हे गं, ते नाहीच आता घरात." माझ्याच भाषेतला 'नव्हे' मला तुमच्या टोपलीपाशी परत सापडला.

मी सांगलीची. आमच्या शेजारच्या कुपवाडवर जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन या भाषाशास्त्रज्ञांनी 1971 मध्ये एक प्रसिद्ध लेख लिहिला होता. तिथली मराठी, कानडी आणि उर्दू पिढ्यान्‌पिढ्या एकमेकींशेजारी राहून व्याकरणानं इतक्या जवळ आल्यात की बऱ्याचदा वाक्य तसंच ठेवून नुसते शब्द बदलले तरी भागतं. तक्ता घेऊन कोण बसलं होतं त्यांच्याकडे? बांधावर, बाजारात बोलत राहिली माणसं. तुमच्या धारवाडातच, साधनकेरीला, द. रा. बेंद्रे राहायचे. घरची भाषा मराठी, आणि कविता तुम्ही बोलता त्याच बोलीच्या कन्नडमध्ये. 1973 चं ज्ञानपीठ त्यांना मिळालं. आम्ही शाळेत 'स ला ते, स ला ना ते' घोकलं खरं, पण 'मला दूध दे' म्हणायला त्याच्या कितीतरी आधी शिकलो होतो. समोरचं माणूस आपलं अर्धंमुर्धं ऐकून दूध देत होतं, म्हणून शिकलो.

अशी माणसं अजून आहेत, अव्वा. बोलणाऱ्याला वाक्य पुरं करू देणारी, धंद्याच्या गर्दीतही थांबणारी. त्यांना कुणी शिक्षक म्हणत नाही, तुम्हालाही कुणी म्हटलं नसेल. मी म्हणते.

गेल्या आठवड्यात एक आजोबा पेन्शनचं विचारायला आले. दहा मिनिटं बोललो आम्ही, पावसाचं, सुनेचं, गुडघ्याचं. ते गेल्यावर माझ्या ध्यानात आलं की एकही वाक्य मी आधी मराठीत जुळवलं नव्हतं. मला तेव्हाच उठून तुमच्याकडे पळत यावंसं वाटलं.

तोंडावर 'धन्यवाद' म्हणायला जमलं नाही. बाजारात तो शब्द तुम्हीही वापरत नाही, आम्हीही नाही. शनिवारी निघतेय. त्याआधी संध्याकाळी येते, सब्बसगीची एक जुडी बाजूला ठेवा.

बर्तीन्री, अव्वा. येते.

तुमची,
बँकेतली सांगलीची यव्वा